सगळी बटनं एका बोर्डावर

बाबा, आपल्या पहिल्या घराला दार नव्हतं, ताटी होती. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आडव्याउभ्या बांधून केलेली. भिंती कुडाच्या, त्यावर शेणमातीचा लेप, आणि पुढं ही ताटी. सरकवली की घर उघडं, पुन्हा सरकवली की बंद. कुत्रं नाकानं ढकलून आत यायचं आणि टोपल्यातली भाकर घेऊन जायचं. जोराचा वारा सुटला की ताटी अंगणात जाऊन पडायची, मग आपण जेवत असो, झोपलेले असो की तापानं फणफणत असो, सगळ्या मोहल्ल्याला दिसायचो. कोणी हसायचं नाही, कारण त्यांचंही तसंच होतं.

पण मी मोठी झाले. मला कपडे बदलायला आडोसा लागू लागला. तेव्हा आई ताटीपाशी बाहेर तोंड करून उभी राहायची, पदर दोन्ही हातांनी पसरून. ती निंदणाला गेलेली असली की मी शाळेचा ड्रेस मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसून राहायची. शाळेला उशीर झाला म्हणून मार खाल्लेला आहे मी, आणि कारण काय ते बाईंना सांगता आलं नाही. हे तुम्हाला माहीत होतं का? मी कधी सांगितलं नाही. तुम्ही कधी विचारलं नाही.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. कापसाच्या जिनिंगमधले तुमचे सोबती बोलले, मोहल्ल्यातले बोलले. चौकीदार असावा तर असा, म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं. मग माईक माझ्यापुढं धरला. मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं, पोरीचा कंठ दाटला. कंठ दाटला नव्हता, बाबा. मला राग आलेला होता, आणि अजून आहे. ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहून राह्यली.

ताटी जाऊन दार आलं ते तुम्ही हिंगणघाटला जिनिंगमध्ये चौकीदार लागल्यावर. तिथल्या एका गोदामाचं मोडकं टिनाचं दार मालकानं तुम्हाला नेऊ दिलं, सोबत साखळी आणि कोंडा. तुम्ही ते दार सायकलला बांधून आपल्या वडनेरपर्यंत पायी ढकलत आणलं. आईनं त्याचा गंज घासून काढला. साखळी आतून बसवायची की बाहेरून, हा प्रश्नच तुमच्यापुढं आला नाही. बाहेरून. तुमच्या लेखी दार ही जाताना लावायची वस्तू. घरात माणूस असला तर दार उघडंच राहते, त्यात लावायचं काय? जिनिंगमध्ये रोज संध्याकाळी तुम्ही एकेक गोदाम बाहेरून बंद करायचे, कडी घालायचे, कुलूप ठोकायचे आणि मग ते ओढून पाहायचे. आत कापसाच्या गाठी. गाठीला आतून कडी लावायची नसते.

घरीही तेच सुरू झालं. निघताना तुमचा हात आपोआप वर जायचा, साखळी कोंड्यात पडायची, तुम्ही ती ओढून पाहायचे आणि निघून जायचे. आई कितीदा तरी आत अडकली. ती शेजारच्या कौसल्याबाईला हाक मारायची, कौसल्याबाई येऊन साखळी काढायची आणि वरून म्हणायची, "काय व, आज पुन्हा तुले गोदामात टाकलं वाटते." मोहल्ल्यात ती गंमत झाली होती. मीही हसायची.

माझं हसणं संपलं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी.

त्याच आठवड्यात आत्या, तुमची बहीण, कारंज्याहून स्थळ घेऊन आली होती. मुलाचा हायवेवर ढाबा, घर स्लॅबचं. मला ऐकू जाईल अशा बेतानं तिनं तुम्हाला सांगितलं की एवढं शिकून पोरगी शेवटी भाकरीच थापणार, तर ढाब्यावर थापू दे, गिऱ्हाईक तरी खाईन. तुम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आत्या गेली, आणि घरात ती गोष्ट तशीच लोंबकळत राहिली.

पेपरच्या सकाळी आई गहू सोंगायला गेलेली होती. मी साडीच्या पडद्यामागं तयार होत होते. तुम्ही निघाले होते, डबा विसरला म्हणून परत आले, डबा उचलला आणि गेले. साखळी कोंड्यात पडल्याचा आवाज मी ऐकला. मग ती ओढून पाहिल्याचा. मी ओरडले, बाबा, मी आत आहे. सायकल तोवर वळणाच्या पुढं गेली होती.

मोहल्ला रिकामा. सगळे वावरात. मी टिन बडवत राहिले. कौसल्याबाई हापशीवरून पाणी घेऊन आली तेव्हा बस गेलेली होती. भाजीच्या टेम्पोत वांग्यांच्या पोत्यांवर बसून मी हिंगणघाट गाठलं. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता आत घेतलं. हातांना टिनाचा गंज होता, त्याचे डाग उत्तरपत्रिकेवर उमटले. शेवटचा प्रश्न मला येत होता आणि तो कोरा राहिला. माझा पहिला वर्ग त्या प्रश्नात गेला.

संध्याकाळी तुम्ही पायावर पाणी घेत होते तेव्हा मी विचारलं.

"हात गेला," तुम्ही म्हणाले.

बस. जसा काही तो हात दुसऱ्या कोणाचा होता आणि तुम्ही त्याला ओळखत नव्हते. मी आत्याचं स्थळ, तुमचं गप्प बसणं आणि ती साखळी, तिन्ही एकाला एक जोडली. हे मुद्दाम आहे, असं माझ्या मनानं घेतलं. वर्षानुवर्षं मी तुमच्या ताटात भाजी वाढली आणि मनात हेच होतं.

आता दुसरंही लिहावं लागेल, नाहीतर हे सगळं खोटं पडेल. हिवाळ्यात कॉलेजची बस फाट्यावर पोचायची तोवर अंधार पडलेला असायचा. फाट्यापासून आपल्या मोहल्ल्यापर्यंत रस्त्याला एक दिवा नाही. तुम्ही फाट्यावर उभे असायचे, बॅटरी घेऊन. "आली का," एवढंच. मग तुम्ही पुढं चालायचे आणि हात पाठीमागं करून बॅटरीचा उजेड माझ्या पायांपुढं धरायचे. तुमच्या स्वतःच्या पायांपुढं काळोख. एकदा नालीत तुमचा पाय मुरगळला. लंगडत चालले, पण बॅटरी पुढं घेतली नाही. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडं धरा ना. तुम्ही म्हणाले, मले रस्ता पाठ आहे.

आणि निकाल लागल्यावर आत्या त्याच स्थळाचं बोलायला पुन्हा आली, तेव्हा तुम्ही तोंड उघडलं. "पोरगी ग्रॅज्युएट हाये. ढाब्याचं नाव काढू नको इथं." आत्या जेवली आणि निघून गेली. आपल्या घराण्यात कॉलेजचं फाटक ओलांडलेलं पहिलं माणूस मी, आणि ते मला तुम्ही ओलांडू दिलं. हे मी कोणापुढंही मान वर करून सांगते.

म्हणूनच राग जास्त येतो. उजेड कोणाच्या पायापुढं पाहिजे हे रस्त्यावर तुम्हाला न सांगता कळत होतं. घरात काऊन कळलं नाही?

नोकरी लागली, सेवाग्रामला, दवाखान्याच्या लॅबमध्ये. भाड्यानं खोली घेतली. त्या खोलीला आतून कडी होती आणि पलंगाजवळ बटन. पडल्या पडल्या दिवा लावता येतो, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तेव्हाच मी ठरवलं की घर बांधायचं आणि त्यात आईला एक खोली द्यायची, जिला ती स्वतः कडी लावेल आणि जिचा दिवा तिच्या हाताशी असेल. बाकी घर कसंही होऊ दे.

घरकुल मंजूर झालं, त्यात माझा पगार घातला आणि जुन्याच जागेवर स्लॅबचं घर उभं राहिलं. दारं बसायची वेळ आली तेव्हा आपण दोघं हिंगणघाटच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर माल मांडला. स्टीलच्या कड्या, पितळी रंगाच्या कड्या, नाजूक मुठी, दार भिंतीवर आपटू नये म्हणून लावायची चुंबकं. तुम्ही प्रत्येक कडी तळहातावर घेऊन तोलायचे आणि हलकी लागली की तोंड वाकडं करून परत ठेवायचे. शेवटी तुम्ही अल्ड्रॉप मागितला, ती जाड आडवी कडी, कुलूप घालता येतं अशी, जी लोक पुढच्या दाराला बाहेरून लावतात. म्हणाले, सगळ्या दारांना हीच द्या.

दुकानदार गालात हसला. "काका, संडासाले बी?"

"संडासाले बी."

"तिथून कोन काय घेऊन जाईन, काका?"

मला हसू फुटलं, तुम्हाला नाही. तुम्ही त्याला शांतपणे समजावलं की ज्याला कुलूप लागत नाही ते दार कायचं, ती नुसती फळी. त्यानं मान डोलवली आणि अल्ड्रॉप मोजायला लागला. मी आईच्या खोलीसाठी आतून सरकवायची स्टीलची लहान कडी वेगळी घेतली. पलंगाजवळच्या बटनाची लहान पेटी घेतली. दिवा पिवळसर उजेडाचा घेतला, कारण मोतीबिंदू काढल्यापासून पांढऱ्या उजेडात आईचे डोळे चुरचुरतात. त्यासाठी मी दुकानातले दिवे एकामागून एक लावायला लावले, दुकानदार कंटाळला. तुम्ही हे सगळं पाहिलं. कडी हातात घेऊन तोललीही. पिशवी तुम्हीच उचलली. काही बोलले नाही, म्हणजे पटलं असेल, असं मी धरून चालले.

नंतर मला लवकर सुट्टी मिळाली नाही. वायरिंग झालं, प्लास्टर झालं, रंगही झाला. मी आले तेव्हा प्रमोद वायरमन सामान आवरून राह्यला होता. मी सरळ आईच्या खोलीत गेले आणि भिंतीवर बटन शोधलं. चारही भिंती कोऱ्या.

"बटन बाहेर हाये," तुम्ही म्हणाले. केवढ्या कौतुकानं.

पुढच्या खोलीत, दाराच्या बाजूला, एकच मोठा बोर्ड. सगळ्या खोल्यांचे दिवे, पंखे, मोरीचा दिवा, अंगणातला दिवा, सगळं त्या एका बोर्डावर. जिनिंगमध्ये फाटकाजवळ होतं तसंच. घराबाहेर पडताना एका नजरेत दिसलं पाहिजे की मागं काही चालू तर राह्यलं नाही. तुम्ही मला एकेक बटन दाबून दाखवलं आणि आतून आई सांगत होती, लागला, गेला, लागला. दोघंही लहान लेकरांसारखे खूश.

मी प्रमोदला विचारलं, असं काऊन केलं?

"ताई, काकानं सांगतलं तसं केलं," तो म्हणाला. "म्या एकदा म्हनलं बी का, काकू दिवा लावाले एवढ्या दूर येईन काय? तं काका म्हने, मी हाव ना."

आणि कड्या. सुतार दारं लावून गेला होता, कड्या तुम्ही स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या. सगळ्या दारांना अल्ड्रॉप, सगळे बाहेरून. आतून कशालाच काही नाही. मी घेतलेली स्टीलची कडी कुठं आहे विचारलं तर कळलं, ती तुम्ही खिडकीला लावली. वाया जाऊ नये म्हणून.

मग मी ओरडले. चार घरांना ऐकू गेलं असेल. मी म्हटलं, हे घर आहे, जिनिंग नाही, इथं आत गाठी नाही राहत, माणसं राहतात. तुमचाही आवाज चढला. घरातल्या घरात आतून कडी कायले पाहिजे, कोणापासून लपायचं आहे, असं तुम्ही विचारलं. मी म्हटलं, लपायचं नसते बाबा, कधीकधी माणसाले एकटं राहायचं असते. तुम्हाला ते खरंच समजलं नाही. तुम्ही आईकडं पाहिलं, तुले राहायचं असते काय एकटं, असं विचारल्यासारखं. आई चहा ठेवायला निघून गेली.

नंतर मी विचार केला आहे यावर. जिनिंगच्या फाटकापाशी तुमची केबिन होती, तिला दार नव्हतं. चौकीदाराला सगळीकडचं दिसलं पाहिजे आणि चौकीदार सगळ्यांना. तुमच्या उभ्या आयुष्यात तुम्ही कधी एखादं दार आतून लावून घेतलं असेल असं मला वाटत नाही. हे मला समजते. मी शिकलेली आहे, मला अशा गोष्टी समजतात. पण समजलं म्हणून राग कमी होतो, असं कोणी सांगत असेल तर त्याला माझ्याकडं पाठवा.

नव्या घरात राहायला जाऊन थोडेच दिवस झाले होते. आईला ताप होता. मी लॅबमधून दुपारी फोन केला. बरी आहे, पडली आहे, म्हणाली. आवाज वेगळा वाटला म्हणून खोदून विचारलं तर हसली.

"काही नाई व. तुह्या बाबाचा हात गेला वाटते. बाजारात गेले अन् कडी लागून राह्यली बाहेरून."

मी म्हटलं, दिवा तरी लाव. ती म्हणाली, दिवा कुठं आहे इथं. तिची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते, भर दुपारीही उजेड नाही. तर माझी आई, माझ्या पगाराच्या घरात, तापात, अंधारात, आणि बाहेरून अल्ड्रॉप. वरून मला विचारते, तू जेवली का? पुढच्या दाराला तुम्ही कुलूप घातलं नव्हतं, एवढं नशीब. मी कौसल्याबाईला फोन करून तिला बाहेर काढायला सांगितलं. या वेळी कौसल्याबाईनंही गंमत केली नाही.

रविवारी मी तुम्हाला विचारलं आणि विचारताना तुमचा चेहरा नीट पाहिला. तुम्ही डोकं खाजवलं आणि तेच दोन शब्द म्हणाले. हात गेला. त्या चेहऱ्यावर लपवलेलं काहीही नव्हतं. तेव्हा मला कळलं की केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशीही मुद्दाम नव्हतं. आत्याचं स्थळ नाही, काही नाही. नुसता हात. मला वाटायला पाहिजे होतं की चला, बाप तसा नव्हता. राग निघून जायला पाहिजे होता. तो वाढला, बाबा. मुद्दाम कोंडणाऱ्या माणसाला निदान एवढं माहीत असते की आत कोणीतरी आहे.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी प्रमोदला बोलावते. तुम्ही भांडले नाही. नव्या रंगाच्या भिंतीवरून तळहात फिरवला, वरून खाली, हळूच.

"मी हाव तोवर राहू दे," तुम्ही म्हणाले. "मंग तुहं घर, तुह्या कड्या."

मी म्हटलं, ठीक आहे. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही.

तुम्ही कसे गेले ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी लिहीत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला ऐकावी लागेल. आईच्या खोलीत एक बटन यावं, एवढी साधी बाब होती, आणि तिच्यापुढं तुम्ही स्वतःला आडवं टाकलं. मी हाव तोवर. म्हणजे मी कशाची वाट पाहायची होती? असं बापानं लेकीला सांगायचं असते का? दर रविवारी मी त्या बोर्डासमोरून जायची, मनात यायचं की हे कधी बदलेल, आणि पुढचा विचार येण्याआधी मी भराभर दुसऱ्या खोलीत निघून जायची. तुम्ही सहज बोलून मोकळे झाले. तुमचा हात जायचा तसा तुमचा शब्द गेला. आणि मला पाहिजे असलेली एक चांगली गोष्ट तुम्ही तुमच्या मरणाला नेऊन बांधली. आता ती झाली तरी मला तिचा सरळ आनंद होऊ शकत नाही. सगळ्यात जास्त राग मला याचा आहे.

आणि प्रमोदला काय म्हणाले होते? मी हाव ना. कुठं आहे तुम्ही? तुम्हाला पोचवून आलो त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. आई आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. पुढच्या खोलीत कोणाला तरी पंखा बंद करायचा होता, त्यानं बोर्डावरचं एक बटन दाबलं आणि आईच्या खोलीतला दिवा गेला. आतून बायका ओरडल्या. त्यानं घाबरून दुसरं दाबलं, मग तिसरं. अंगणातला लागला, मोरीतला लागला, पंखे सुरू झाले, बंद झाले. कोणतं बटन कशाचं, हे सगळ्या घरात एकट्या तुम्हाला माहीत होतं. आई अंधारात बसून होती आणि बाहेर माणसं बोर्डासमोर गर्दी करून भांडत होती. तोवर मी रडले नव्हते. तेव्हा रडले, आणि ते दुःखानं होतं असं कोणी समजू नये.

पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी मी प्रमोदला बोलावलं. आत्या अजून मुक्कामाला होती. त्याच्या हातातली छन्नी पाहून ती आईच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली.

"काय व संगे, बाप जाऊन घडीभर नाई झाला अन् त्याच्या भिंती फोडते काय?"

मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं होतं, मग तुझं घर. आत्या म्हणाली, माणूस शंभर गोष्टी बोलते, सगळ्या का धरून बसायच्या असतात. आणि बटन बाहेर असलं म्हणून कोणाचं काय अडलं? कारंज्याला तिच्या घरी तर अजून दिवा शेजाऱ्याच्या तारेवर लागतो. मग ती आईकडं वळली. "वैनी, तू तं सांग इले."

मला खरंच भीती वाटली. आई राहू दे म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. राहू दे हा तिचा जन्माचा शब्द. ताटी पडली, राहू दे. कडी लागली, राहू दे, येतीलच. मी हे कोणासाठी करून राह्यली, तिच्यासाठी की माझ्या त्या कोऱ्या प्रश्नासाठी, हेही तेव्हा माझ्या मनात आलं.

प्रमोदनं कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, बटन कुठं घ्यायचं? आत्या म्हणाली, फोडायचंच असेल तर दाराजवळ घ्या, चार लोकांसारखं. मी म्हटलं, पलंगाच्या उशाशी. प्रमोद म्हणाला, उशाशी चालेल, पण उंची उभ्या माणसाच्या खांद्याइतकी घेतात. आम्ही तिघं बोलत राहिलो. आई उठली. आत्याचा दंड धरून तिला बाजूला केलं, आत गेली, पलंगावर आडवी झाली, डोळे मिटले आणि उजवा हात डोक्यामागं नेऊन भिंतीवर फिरवला. तो जिथं आरामात टेकला तिथं बोट ठेवलं.

"इथं," ती म्हणाली. "अन् कडी आतून."

प्रमोदनं तिच्या बोटापाशी खूण केली.

छन्नी चालली. तुमच्या नव्या रंगावरून खाच गेली, तिच्यात पाईप बसला, वर सिमेंट. तोवर आतल्या दारांचे अल्ड्रॉप मी स्वतः काढले. किती घट्ट बसवले होते हो तुम्ही. एकेक स्क्रू सोडवताना तुमच्या मनगटाचा जोर मला माझ्या मनगटात लागत होता. मी प्रत्येकाला शिव्या घातल्या. एकही स्क्रू वाकडा गेलेला नव्हता. पुढच्या दाराचा अल्ड्रॉप ठेवला, तो तिथं बरोबर आहे. बाकी दारांची भोकं पुट्टी भरून बुजवली, आणि खिडकीवरची स्टीलची कडी काढून आईच्या दाराला आतून लावली.

संध्याकाळी आई खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला, अडखळत, कारण तिला सवय नाही. आत्या हातात कप घेऊन त्या दाराकडं पाहत राहिली. चहा निवला तरी आई बाहेर आली नाही.

"आवाज तं दे तिले," आत्या म्हणाली. "करून काय राह्यली थे आत?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि राहू दे. मला खरंच माहीत नव्हतं, बाबा. रडत असेल, झोपली असेल, दिवा लावून-बंद करून पाहत असेल. तुमच्याशी भांडतही असेल, तिचंही काही तुंबलेलं असेल. तिनं बाहेर आल्यावर सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आत्यानंही नाही, आणि ते आत्याच्या स्वभावात बसत नाही.

तुमच्यावरचा राग मी सोडलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मी तर रोज रागावते, कारण तुमच्याशी बोलायला माझ्याकडं आता तेवढंच उरलं आहे. तो कधी संपेल ते संपेल.

आईच्या खोलीचा दिवा आता तिच्या उशाशी लागतो. कडी आतून आहे, आणि ती लावते.